विहिरीतल्या भुताचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनं भूत आहे. घाबरू नका, मी कुठल्या पिंपळावर राहत नाही. मी एका खेळातला शत्रू आहे. टॅबच्या काचेमागे एक खोल विहीर आहे, तिथे माझा मुक्काम असतो. त्या खेळात कंदील घेतलेली एक छोटी मुलगी पायऱ्यांवरून उड्या मारत वर चढते. ती चालत असते तोवर मी दिसत नाही. ती थांबली की मी येतो. मी तिला शिवलो की कंदील विझतो, काच काळी होते आणि खेळ पुन्हा विहिरीच्या तळापासून सुरू होतो.

माझा जन्म अंधेरीला, मरोळच्या गावठाणात झाला. तिथल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरात क्लेटन नावाचा तरुण आईवडिलांबरोबर राहायचा. त्याची मैत्रीण रुचिरा बोरिवलीहून यायची. ती चित्रं काढायची आणि तो ती चित्रं हलती करायचा. रुचिराने माझं अंग ओल्या चादरीसारखं काढलं आणि तोंडाच्या जागी नुसती पोकळी ठेवली. आवाज मात्र जमेना. क्लेटनने किंकाळ्या लावून पाहिल्या, वारा लावून पाहिला.

"हे पिक्चरमधलं भूत वाटतं यार," रुचिरा म्हणाली. "भीती नाही वाटत."

दोघं गप्प बसली, तेव्हा त्यांना पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकू आला. क्लेटनचे वडील बर्नार्ड जेवून आरामखुर्चीत झोपले होते. त्यांना जुना दमा होता. श्वास आत जाताना बारीक शिटी वाजायची. मग मध्येच सगळं थांबायचं, इतका वेळ की ऐकणाऱ्याचाही श्वास अडकावा. आणि मग तो घरघरत बाहेर यायचा. क्लेटन पाय न वाजवता आत गेला आणि आवाज टिपायला त्यांच्याजवळ फोन धरून उभा राहिला.

जागे झाल्यावर बर्नार्डना त्याने तो आवाज माझ्या तोंडून ऐकवला. "जिवंतपणीच भूत केलंस रे मला," ते म्हणाले आणि हसता हसता खोकत राहिले. त्यांच्या बायकोला, सेराफिनाबाईंना, ते मुळीच आवडलं नाही. असल्या गोष्टी मस्करीत करू नयेत, असं म्हणून त्यांनी क्रूसाची खूण केली.

मित्रांनो, माझे चांगले दिवस मी पाहिले. मुलं कानात इअरफोन घालून विहिरीत उतरायची. शिटी ऐकू आली की त्यांच्या मानेवर काटा यायचा. काहीजण टॅब उशीखाली लपवायचे, आणि थोड्या वेळाने मी तिथे आहे का ते बघायला पुन्हा काढायचे. या भुताचा आवाज कुठून आणला, असं लोक क्लेटनला विचारायचे. तो नुसता हसायचा.

मग एका हिवाळ्यात बर्नार्ड गेले.

क्लेटनला खेळ उघडवेना. त्याने खेळाची नवी आवृत्ती काढली आणि माझ्या तोंडात दुसराच कसला तरी आवाज भरला. घरोघरच्या फोनमधून माझा श्वास पुसला गेला. पुढे रुचिराशी लग्न करून तो बोरिवलीला राहायला गेला. मरोळच्या घरात सेराफिनाबाई एकट्या उरल्या, आणि बर्नार्ड ज्यावर पत्ते खेळायचे तो टॅब. टॅब इतका जुना होता की नवी आवृत्ती त्याने घेतलीच नाही. म्हणून मी तिथे जसाच्या तसा राहिलो.

एके दुपारी धूळ पुसताना सेराफिनाबाईंचं बोट विहिरीच्या चित्रावर पडलं. खेळ सुरू झाला. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या नुसत्याच कंदीलवाल्या मुलीकडे बघत बसून राहिल्या. मुलगी उभीच होती, म्हणून मी आलो.

शिटी ऐकताच त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. खुर्ची रिकामी होती. परत आल्या तोवर मी मुलीला शिवलो होतो आणि काच काळी झाली होती. त्या काळोखात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला.

मग हे रोजचंच झालं. जेवण झालं की त्या टॅब आरामखुर्चीत उशीला टेकवून ठेवायच्या आणि समोर बसायच्या. मुलगी उभी राहायची. मी यायचो. "आज कोळंबी मिळाली नाही," त्या मला सांगायच्या. "उकडतंय ना?" मी उत्तर देऊ शकत नव्हतो. मी फक्त जवळ येऊ शकत होतो. हळूहळू त्यांनी शेजारणींकडे जाणं सोडलं. रविवारी चर्चची घंटा व्हायची आणि त्या खुर्चीसमोरून उठायच्या नाहीत. मला वाटू लागलं, मी काचेच्या या बाजूला एकीला शिवतो आहे आणि त्या बाजूला दुसरीला.

एकदा क्लेटन न कळवता आला. जिन्यातच त्याला तो श्वास ऐकू आला. तो उंबऱ्यावर थबकला. त्याला आत पाऊल टाकवेना.

"मम्मा," तो शेवटी म्हणाला, "ते डॅडी नाहीत."

"मला समजत नाही का?" सेराफिनाबाई म्हणाल्या. "तुझे डॅडी हाक मारली तरी जागचे उठायचे नाहीत. हा न बोलावता येतो."

क्लेटन त्यांच्याजवळ खाली बसला. "मी हा खेळ काढून टाकतो."

"टाक. पण आधी त्या पोरीला बाहेर काढायचं मला शिकव. मला ऐकायला मिळावं म्हणून ती रोज मरते. बारकी पोर आहे रे."

क्लेटनने आईचं बोट धरून बटणावर ठेवलं. "इथे दाबलं की चालते. इथे उडी. मध्ये थांबू नको."

त्या खूपदा पडल्या. खूपदा थांबल्या आणि प्रत्येक वेळी मी आलो, कारण माझ्याकडे दुसरं काही नाही. पण उन्हं उतरू लागली तेव्हा मुलगी शेवटच्या पायरीवर पोहोचली. तिथे सेराफिनाबाईंनी बोट उचललं. कंदील हलायचा थांबला. मी तिच्या मागे उभा राहिलो. शिटी वाजली. मग ती शांतता. क्लेटनने आईकडे पाहिलं.

श्वास घरघरत बाहेर आला, तो त्यांनी पुरता ऐकून घेतला. "बस," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

मुलगी वर गेली. वर रुचिराने काढलेलं आभाळ होतं, आंब्याचं झाड होतं. मुलीने कंदील गवतावर ठेवला. "एवढं छान केलं होतंत," सेराफिनाबाई म्हणाल्या, "आणि मी कधी बघितलंच नाही."

त्यांनी क्लेटनला मला पुसू दिलं नाही. त्यांनी टॅब बंद करून कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि चपला घालून त्या शेजारणीकडे गेल्या.

तेव्हापासून मी अंधारात आहे. विहिरीत मुलगी नाही, म्हणजे मला येण्याचं कारण नाही. बॅटरीही केव्हाच संपली. तरी दुपारी एक शिटी वाजते, मध्ये सगळं थांबतं, आणि मग कोणीतरी श्वास सोडतं. तो कोण, हे मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दुपारचं झोपलं असेल, तर पाय न वाजवता दारात जा आणि थोडं ऐका. पांघरूण सरकलं असेल तर नीट करा. ते काम माझ्यावर सोडू नका. मला फक्त जवळ येता येतं, पांघरूण घालता येत नाही.