खुराड्यावरची माळ

आंबी नदीपलीकडच्या त्या वस्तीत घरटी माळकरी. डास मारायचा झाला तरी आधी विठ्ठलाचं नाव घेणारी माणसं. त्यामुळे सखारामने हौसेने पाळलेला कोंबडा नाहीसा झाला आणि खुराड्यापाशी रक्त नि पिसं सापडली, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने मुंगसावर खुनाचा आळ घेतला.

सखाराम जाऊन महिना झाला होता. त्याच्या मागे घरात त्याच्या लेकीवर, रेणुकेवर ओरडणारा तेवढा कोंबडाच उरला होता. त्याला कोणी मारलं, हे तिला कळायलाच हवं होतं. शोधता शोधता खुराड्याच्या खिळ्याला अडकवलेली तुळशीची माळ तिला दिसली. मुंगूस काही माळ उतरवून शिकार करत नाही. तो नेम माणसांचा.

संध्याकाळी देवळात भजनाला सगळे जमले, तशी ती एकेक गळा बघत निघाली. बापाचा जिवलग मारुतीआबा भर उकाड्यात मफलर गुंडाळून बसला होता.

"आबा, माळ कुटंय?"

आबाने मान खाली घातली. "पोरी, त्यो पहाटं आरवला की वाटायचं, सख्याच हाक मारतोय. न्हाई सोसवलं."

रेणुकेचे डोळे भरून आले. "मग पुरला का न्हाई?"

"अन्न टाकू नये, असं तुजा बापच म्हनायचा."

"एवढा थोरला कोंबडा, एकट्यानं?"

आबाने तोंड उघडायच्या आतच पखवाजावर थाप पडली, आणि अख्खी वस्ती डोळे मिटून अभंगाला लागली.