माप ओलांडताना

सिंधुबाई डॉक्टरांशी एकदाच खोटं बोलली, तेही लेकीच्या भल्यासाठी. देवानं मेल्यानं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

मखमलाबादच्या मळ्यात तिच्या नवऱ्याच्या, गोटीरामच्या घराण्याचे पाय सगळ्यांना ठाऊक. पोटऱ्या काटकुळ्या, पंजे लोंबते. गुडघे उचलून चालायचं म्हणून पोरं 'बगळा आला' म्हणून चिडवायची. सासऱ्याचं तेच, आत्याबाईचं तेच. तरी गोटीराम गुलछडी तोडून सायकलवर फूलबाजार गाठायचा.

२००३ साली त्याच्या छातीत कळ आली. पंचवटीतल्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहिली, पायांकडे बघून विचारलं, "घरात आणखी कुणाचं असं आहे?"

दारात कंपाउंडर उभा होता, निफाडच्या होणाऱ्या व्याह्यांचा सख्खा भाचा. लेकीची, वैष्णवीची, सुपारी अजून फुटायची होती. गोटीराम तोंड उघडायच्या आत सिंधुबाई म्हणाली, "छे हो! लहानपणी बैलगाडीवरून पडले, तेव्हापासूनचं हाय."

दोन महिन्यांत गोटीरामला न्हाणीतून उठवेना. "अगं, मांड्यांत जीवच नाय राहिला. गोळी सोडू का?"

"काळजाची गोळी हाय, सोडायची नाय. आणि डॉक्टरकडं गेलं की पुन्हा पायांची चौकशी. लग्न होऊ द्या." जेवणावर ती स्वतः त्याच्या हातावर गोळी ठेवायची. लेकीच्या मांडवात बापाला खुर्चीसकट उचलून आणलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कंपाउंडर रजेवर होता. सिंधुबाईनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, पिढीजात नसांचा आजार आहे हा! अशा माणसाला ही गोळी जपून द्यावी लागते. ताकद कमी झाली तेव्हाच यायचं होतं." गोळी बदलली. गेलेली ताकद परत येईल, असं काही ते म्हणाले नाहीत. गोटीरामनं नवी गोळीही तिच्याच हातून घेतली, आणि तेच तिला जास्त लागलं.

पाचव्या दिवशी वैष्णवी जावयासोबत माहेरी आली. आत येऊन हसत सांगू लागली, "आई, गंमत काय झाली! उंबऱ्यावरचं माप मला लवंडताच येईना. पंजाच उचलेना. शेवटी सासूबाईंनीच हातानं लोटलं. सगळे म्हणाले, नवरी लाजली."

सिंधुबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. खुर्चीतून गोटीराम हळूच म्हणाला, "हिच्या वेळी तरी खरं सांगशील ना?"

ओसरीवर जावई चहा पीत बसले होते. सिंधुबाई दारापर्यंत गेली, त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं दार ओढून घेतलं आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.