लांब दांड्याची जाळी

“एकटे बसता का जोडीनं?”

जालन्यात एसटीडी बूथशेजारी मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराचा सवाल साधा होता, पण तातेरावांना तो उमगला नाही. परतूरला जन्मभर पंपांच्या मोटारींत नवी तार भरून दिलेला हा माणूस. जळालेल्या मोटारीच्या नुसत्या वासावरून दोष सांगायचा. आणि आता दोन हातांत दोन जाळ्या धरून बावळटासारखा उभा.

“म्हंजी कसं?”

“एकट्याला आखूड दांडा. एका हातात गळाची काठी, दुसऱ्यात जाळी. जोडीदार असंल तर लांब दांडा. मोठा कटला मासा बिगर जाळीचा उचलू नका, दोरा तुटतो.”

हे तातेरावांना सांगायला नको होतं. गेल्याच रविवारी पाझर तलावाच्या काठाशी आलेला कटला दोरा तोडून गेला होता. पूर्वी जाळीची गरजच पडली नाही. तातेराव मासा ओढत आणायचे आणि त्यांचा दोस्त बद्रीनाथ गुडघाभर पाण्यात उतरून त्याच्याखाली आपलं उपरणं पसरायचा. मासा उपरण्यात आला की ओरडायचा, “आले बघ जावईबापू!” यंदा पोळ्यानंतर बद्रीनाथच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवं अंग लुळं पडलं.

जाळी घ्यावी तर बद्रीनाथला काढून टाकल्यासारखं, न घ्यावी तर मासा जातो. तातेरावांना काही सुधरेना. शेवटी “नको असंल ती उद्या आणून देतो” असं सांगून ते दोन्ही जाळ्यांसकट रेल्वेत बसले. डब्यातले लोक हसत होते.

बद्रीनाथ ओसरीत बाजेवर बसला होता. त्याची बायको दुर्गाबाई म्हणाली, “भाऊजी, दोन दोन कशाला आणल्या?”

“यालाच इचारायला. बद्री, कोन्ती ठिवू? माझं तर डोस्कंच चालून न्हाई राह्यलं.”

बद्रीनाथनं डाव्या हातात लांब दांडा घेतला. दुर्गाबाईनं माशाच्या वजनाचा म्हणून जाळीत पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. त्यानं उचलायला जोर लावला. एका हातानं दांडा पेलेना, तांब्या कलंडला, ओसरीभर पाणी झालं. त्यानं पुन्हा भरायला लावला, पुन्हा सांडला. तातेरावांना बघवेना.

“वापस कर ही,” बद्रीनाथ जड जिभेनं म्हणाला. “आखूड ठिव.”

“आरं, दिवाळीपर्यंत येतो तुझा उजवा हात ताळ्यावर. लांबच ठिवतो की.”

“आन् तवर काय मासे सोडत बसतो? आखूड ठिव म्हन्लं ना!”

रविवारी तलावावर पुन्हा मोठा मासा लागला. काठाशी आला तसे तातेराव सवयीनं ओरडले, “बद्री, घाल खाली!”

मग त्यांनी स्वतःच डाव्या हातानं आखूड जाळी खाली घातली. कटला बराबर आत बसला. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण काय होतंय तेच कळेना. त्यांनी मागे वळून पाहिलं.

“आले बघ जावईबापू,” ते हळूच म्हणाले, आणि जाळी तशीच पाण्यात धरून बराच वेळ उभे राहिले.