इखलासनं मोरीत ओतलेलं पाणी

आमच्या फिल्मला पहिल्यांदा कोण हसलं, हे मला शोधून काढायचं होतं. हसू एकाकडून सुरू होतं आणि मग सर्दीसारखं सगळ्यांना लागतं. माझा संशय इखलासवर होता.

इखलास माझ्याच वर्गातली. गेल्या वर्षी वडिलांची बदली झाली म्हणून कासाब्लांकाहून आमच्या छोट्या सफ्रू गावात आली. फिल्ममध्ये ती हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, एकटी अंघोळ करणारी मुलगी झाली होती आणि दिग्दर्शक मी होते. शाळेच्या फिल्म मंडळात याआधी कुठली मुलगी दिग्दर्शक झाली नव्हती, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. हमाम माझ्या हनियामावशीचा. म्हणजे मालक दुसराच आहे, मावशी चालवते. शुक्रवारी दुपारी तो बंद असतो, तेव्हा आम्ही तिथे शूटिंग केलं.

गोष्ट सोपी होती. मुलगी अंघोळ करतेय, वाफेतून तोंडावर केस सोडलेली बाई येते. तिच्या चेहऱ्याला मैदा आणि ओठांना बिटाचा रस. ही बाई झालेली आमच्या मंडळातली जुहूर स्वतःला आरशात बघून किंचाळली होती, म्हणून मी अगदी निर्धास्त होते.

मग मावशीच्या घरी गल्लीतल्या बायकांना टीव्हीवर फिल्म दाखवली. जुहूर वाफेतून आली आणि लल्ला रक्किया म्हणाली, "बिचारी केस धुवायला आलीय. साबण द्या कुणीतरी."

"आधी जेवायला घाला," शेजारची हादूम म्हणाली. "तोंड बघा कसं उतरलंय."

बस, पुढचं कुणी बघितलंच नाही. लल्ला रक्किया गल्लीत सगळ्यांत मोठी, म्हणूनच सगळ्या तिला मानानं लल्ला म्हणतात; ती हसली की बाकीच्यांना हसायची परवानगीच मिळते. पण तिच्याही आधी मला एक खुसखुस ऐकू आली होती, इखलास बसली होती त्या बाजूनं.

म्हणून फिल्म दुसऱ्यांदा लावली तेव्हा मी ती बघितलीच नाही. टीव्हीकडे पाठ करून उभी राहिले आणि सगळ्यांचे चेहरे बघत राहिले. इखलास हसत नव्हती, रुसून बसली होती. माझा संशय फुकट गेला. पण दुसरंच काहीतरी दिसलं. जुहूर यायच्या बऱ्याच आधी, फिल्ममधल्या एका जागी, ऑलिव्हच्या बिया थुंकायचा आवाज थांबला. मावशीनं चहाची किटली खाली ठेवली. लल्ला रक्कियाचे ओठ हलले. एवढ्यात जुहूर आली आणि पुन्हा हशा.

मी मागे वळून तो तुकडा परत लावला. त्यात इखलास उकळत्या पाण्याची बादली मोरीत ओतते. गप्प बसून. दुसरं काहीच नाही.

आमच्याकडे गरम पाणी मोरीत ओतताना "बिस्मिल्ला" म्हणतात, तेही ऐकू जाईल असं. खाली जे राहतात त्यांना बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. ते माणसांतले नव्हेत; त्यांचं नाव घेत नाहीत, आणि भाजले तर ते सोडत नाहीत. माझी आई शेवयांचं पाणी टाकतानासुद्धा म्हणते. शूटिंगच्या वेळी मी कॅमेऱ्यातून इखलासचे केस नीट दिसतात का ते बघत होते, तोंडाकडे लक्षच नव्हतं.

"ते म्हणायचं असतं होय?" इखलास म्हणाली. "मला वाटायचं तुझी आई स्वतःशीच बोलते."

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शॉवरखाली वाढलेल्या मुलीला कोण सांगणार?

मी त्याच दिवशी जुहूरला फिल्ममधून काढून टाकलं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली, पण माझं बरोबरच होतं. तोंडाला मैदा लावलेली बाई सारखी विनवत असते, घाबरा ना, घाबरा ना. अशी कुणी विनवणी केली की माणूस हात बांधून बसतो. पाणी काहीच मागत नव्हतं. ते बघून जे काही वाटेल ते बघणाऱ्यानं स्वतःच्याच घरून आणायचं होतं. नव्या फिल्ममध्ये इखलास पाणी ओतते. मग साबण लावते. मग कुणी हाक मारल्यासारखी मान वर करते. परत साबण लावते. संपलं.

शाळेच्या हॉलमध्ये गल्लीतल्या बायकाही आल्या होत्या, पण कुणी हसलं नाही. गणिताच्या बाई मागे बसून पेपर तपासत होत्या, त्यांचा पेन तसाच हवेत राहिला. एक आई दिवे लागायच्या आत लेकीला घेऊन बाहेर पडली. मंडळाचे शिक्षक उस्ताद ताहेर म्हणाले, "ही प्रांताच्या स्पर्धेला पाठवायची." मी घरी चालत गेले की उडत, आठवत नाही.

पुढच्याच आठवड्यात मावशीचा हमाम ओस पडला.

आधी आम्हाला ते कळलंच नाही, कारण प्रत्येकीकडे कारण होतं. लल्ला रक्कियाचा गुडघा दुखत होता. हादूमकडे पाहुणे होते. कुणाला खोकला, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. घाबरलोय असं एकीनंही म्हटलं नाही. मावशी भट्टीत लाकडं घालत होती आणि रिकाम्या दगडी ओट्यांवर वाफ जमत होती.

"छान झाली म्हणे तुझी फिल्म," ती मला म्हणाली. तेवढंच.

आईनं मला मागून सांगितलं की असंच चाललं तर रमजाननंतर मालक हमाम दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देईल.

मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम आग लावतंय. नदीपलीकडच्या हमामची महजूबा, दुसरं कोण? मी टॉवेल घेतला आणि थेट तिच्या हमामात गेले. आत वाफेत आमची सगळी गल्ली बसली होती. गुडघा, खोकला, पाहुणे, सगळे.

"बतूल, तू इकडे कुठे गं?" हादूम म्हणाली.

"तुम्ही?"

"इथलं पाणी जरा मऊ आहे."

बाकीच्या एकदम पाठी घासायला लागल्या. महजूबा बिचारी चकित दिसत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं होतं की आपण एकटीच इकडे आलोय. आणि सगळ्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी खालून वर आलेय.

मला लगेच उपाय सुचला. मला लगेच सुचतातच. इखलासला माझ्या खोलीत बसवलं, तिच्याकडून "बिस्मिल्ला" म्हणवून घेतलं, रेकॉर्ड केलं आणि पाणी ओतायच्या जागी फिल्ममध्ये बसवलं. मग मावशीकडे चहाला सगळ्यांना बोलावलं. चहाला मात्र गुडघे दुखत नव्हते.

"त्या दिवशी आवाज नीट लागला नव्हता," मी म्हणाले. "आता ऐका."

ऐकलं.

"परत लाव," लल्ला रक्किया म्हणाली.

परत लावलं.

"हमामात आवाज घुमतो," ती म्हणाली. "हा गादीवर बसून काढलेला आहे. मागाहून घातलास ना?"

"म्हणजे, तसं नाही, लल्ला, पण..."

"मग झाकायला काहीतरी होतं तर." तिनं चहाचा ग्लास अर्धा भरलेलाच खाली ठेवला. "चला गं."

बायका चपला शोधायला लागल्या. आतापर्यंत त्यांना नुसता संशय होता, मी त्याला पुरावा दिला होता. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती ग्लास गोळा करत होती, अजून कुणी उठलंही नव्हतं तरी. मला कळलं की या बायका आत्ता गेल्या की परत यायच्या नाहीत.

"नाही म्हणाली ती," मी म्हणाले.

लल्ला रक्किया थांबली.

"इखलास बिस्मिल्ला म्हणालीच नाही. तिला माहीत नव्हतं आणि माझं लक्ष नव्हतं. नंतर दिसलं, तरी मी ठेवलं. कारण तुम्ही घाबरलात."

"आम्ही कधी घाबरलो?" हादूम म्हणाली.

"गप गं," लल्ला रक्किया म्हणाली. मग मला म्हणाली, "एवढंच होतं, तर आधी नाही सांगायचं?"

"कुणी विचारलं कुठं?"

"कसं विचारणार? हनियाच्या घरात, तिचाच चहा पीत?" ती पुन्हा बसली. मावशीनं तिचा ग्लास हळूच तिच्यापुढे सरकवला. "कळलं ना, मग आता निस्तरता येईल. दूध आणि मीठ. पण जिनं ओतलं तिनंच करायला हवं."

मी जाऊन सांगितलं तेव्हा इखलास भडकली. "मी माफी कुणाची मागू? पाइपाची?"

"मावशीची समज," मी म्हणाले. "तुला तिची लाकडं दिसली का? कुणासाठी जळताहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली हमामात अंगावरच्या कपड्यांनिशी उभी होती. इखलास वाटीभर दूध घेऊन मोरीपाशी उकिडवी बसली. तिनं मीठ टाकलं, दूध सोडलं आणि हळू, नीट "बिस्मिल्ला" म्हटलं. आवाज छान घुमला. मग तिनं वर बघितलं.

"झालं?"

"ते आम्हाला कसं कळणार?" लल्ला रक्किया म्हणाली.

सगळ्या मोरीकडे कान लावून उभ्या राहिल्या. मोरीनं गटगट केलं, कुठलीही मोरी करते तसं. अख्ख्या हॉलमध्ये माझ्या फिल्मनं एवढी शांतता केली नव्हती, आणि माझ्याकडे कॅमेरा नव्हता.

शेवटी लल्ला रक्कियानं डोक्याचा रुमाल सोडला आणि खुंटीला अडकवला. "हनिया, पाणी तापवलंयस की नुसतंच बोलावलंयस?"

मग बाकीच्यांनी गाठोडी सोडली. काळा साबण निघाला, अंग घासायचे हातमोजे निघाले, बोलणी सुरू झाली. पण त्या मोरीच्या बाजूच्या ओट्यावर कुणी बसेना. मावशीचं तिकडे लक्ष होतं. मी उठले आणि तिथे जाऊन ऐसपैस बसले, सगळ्यांना दिसेल असं.

बादली मात्र गार पाण्याची घेतली.