डावीकडचा सलाम

मित्रांनो, मी एक जुनी मांजर आहे. वस्तू जुन्या होतात आणि जनावरं म्हातारी होतात, एवढा फरक मलाही कळतो. पण मी काही काळ भिंतीच्या पोटात, विटांशेजारी विटेसारखी राहून आले आहे. त्यामुळे थोडी वस्तू, थोडं जनावर असं माझं झालं आहे. आजही कुणी कपाटाचं दार लोटलं की माझी शेपटी फुलते.

माझा जन्म एका फरशीवाल्याच्या छपराखाली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर झाला. फरशीवाला लोकांच्या घरांत फरश्या बसवायचा. त्याची आई, जिला सगळी गल्ली दादी म्हणायची, ती पाच वेळची नमाजी होती आणि उरलेल्या वेळात भारी तोंडाळ. शेजारच्या घरात मास्तरीणबाई आणि त्यांचे ड्रायव्हर यजमान राहायचे. त्यांचा देव वेगळा, प्रार्थना वेगळी. मधलं अंगण मात्र एकच होतं, आणि मीही एकच होते.

दादी मला 'बीबी' म्हणायची, मास्तरीणबाई 'राणी' म्हणायच्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण ते पाहुण्यांचं झालं. मी दोन्हीकडे जेवायचे. कामही दोन्हीकडे करायचे. इकडच्या पोत्यांतले उंदीर, तिकडच्या वह्या-पुस्तकांतले उंदीर. "हिच्यामुळे माझी पुस्तकं शाबूत आहेत," असं मास्तरीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कौतुकाची तीच रीत आहे.

मग भांडण झालं. फरश्या कापताना निघणारा पांढरा राडा ड्रायव्हरच्या मोरीत जाऊन तुंबला. ड्रायव्हर ओरडला. फरशीवाला ओरडला. इथवर भांडण मोरीचं होतं. पण भांडणाला पाय फुटले की ते कुठल्याही घरात शिरतं.

"तुम्ही लोक असलेच!" ड्रायव्हर म्हणाला.

"आम्ही लोक? आणि तुमचा तो देव..." फरशीवाल्याने तोंड उघडलं.

दादीने हातातली बादली दाणकन खाली ठेवली. "पुढचा शब्द काढलास तर याद राख! ते ज्याला पुकारतात त्याला वाईट बोलू नका, असं कुराणात सांगितलंय. मोरीवर काय भांडायचं ते भांड. देवाला मोरीत ओढू नकोस."

फरशीवाला गप्प झाला, पण मनातून शांत नाही झाला. दोघांचं ठरलं, अंगणात भिंत घालायची. पण भिंत कुणाची? ड्रायव्हरच्या विटेवर फरशीवाल्याला खिळा ठोकायचा नव्हता, आणि फरशीवाल्याच्या विटेला ड्रायव्हरला पाठ टेकायची नव्हती. शेवटी दोघांनी आपापली भिंत बांधली. दोन भिंती, मध्ये वीतभर फट.

"एक भिंत दोघांत पुरली असती," दादी म्हणाली. "पण श्रीमंत आहात बाबा तुम्ही!"

पुढे दोघांनी आपापल्या भिंतीला लागून एकेक पत्र्याची खोली काढली. इकडे दादीची नमाजेची खोली. ती नमाजेला उभी राहिली की भिंत तिच्या डाव्या हाताला यायची. फरशीवाल्याने ती भिंत आईसाठी स्वतः सजवली. कामावरून परतताना उरलेली एखादी फरशी तो मागून आणायचा, आणि अशा कित्येक वर्षांच्या शिल्लक तुकड्यांतून त्याने तिथे निळी-हिरवी वेल उभी केली. दुसऱ्यांच्या घरांत तो रोज सरळ रेषा बसवायचा. एवढी एकच भिंत त्याने वळणाची केली होती. पलीकडच्या खोलीत मास्तरीणबाईंनी भिंतीत कोनाडा करून घेतला, त्यात मूर्ती ठेवली आणि समोर दिवा.

मला मात्र आता इकडून तिकडे जायला वरून, दोन्ही भिंतींच्या माथ्यावरून जावं लागायचं. एका दुपारी तिथे एक पाल दिसली. पुढचं काय सांगू? पाल गेली तिच्या वाटेने. एक सैल वीट हलली आणि मी फटीत गेले.

मित्रांनो, पडणं वाईट नसतं. अडकणं वाईट असतं. बांधताना सांडलेला चुना-सिमेंट फटीत गोळा होऊन घट्ट झाला होता. एक गोळा माझ्या तोंडापुढे, एक शेपटीमागे. वळता येईना. बसता येईना. पंजे रोवायला जावं तर वीट घासली जायची आणि मीच उकरलेली माती माझ्याच डोळ्यांत. खूप वर, पत्र्याखाली, उजेडाची एक रेघ होती. ती यायची, जायची. ड्रायव्हरच्या बाजूची वीट ओलसर होती, ती मी चाटायचे. फरशीवाल्याची वीट कोरडी होती, पण उबदार. दोन्ही घरांनी मला असं न कळत जगवलं.

आणि ऐकू सगळं यायचं. एका कानात मास्तरीणबाईंची पुटपुट, दिव्याच्या काडीचा चर्र आवाज. दुसऱ्या कानात दादीची नमाज. नमाज संपताना माणूस आधी उजवीकडे मान वळवतो आणि सलाम म्हणतो, मग डावीकडे वळवतो आणि पुन्हा म्हणतो: तुमच्यावर शांती असो, अल्लाची कृपा असो. दादीच्या डावीकडे मी होते. रोज पाच वेळा ती शांती भिंतीपर्यंत यायची, आणि मी आतून ओरडायचे.

ओरडणं दोन्ही घरांत जायचं. पण भिंतीआडून आलेला आवाज शेजाऱ्याचाच वाटतो. दादीला वाटलं, त्यांनी राग काढायला मला कोंडलं. मास्तरीणबाईंना वाटलं, यांनी कोंडलं. दोघी कुढत राहिल्या. बोलणं बंद होतं ना! कोण आधी विचारणार?

शेवटी दादीच उठली. त्यांच्या दारात जाऊन कडाडली, "मास्तरीणबाई, मांजर सोडा! एका बाईने मांजर कोंडलं, ना खायला घातलं ना बाहेर सोडलं, तर तेवढ्यापायी ती जहन्नममध्ये गेली. आमच्या पैगंबरसाहेबांनी सांगितलंय. माझी शेजारीण तिकडे जायला नको मला!"

"अहो दादी, कोंडलंय तुम्ही आणि मला कसल्या धमक्या देताय?"

"मी?"

"मग कोण? तुमच्याच भिंतीतून रडतेय ती!"

"भिंतीतून?" दादी म्हणाली.

दोघींनी कान टवकारले. त्या शांततेत मी एकदा, होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले. मग माझा आवाज बसला.

क्षणात दोन्ही घरं (हे मला मागून कळलं) दादीच्या खोलीत येऊन भिंतीला कान लावून उभी. फरशीवाला आपल्या बाजूने बोटांच्या पेरांनी ठोकत गेला. कुठली फरशी पोकळ बोलते ते त्याला ठाऊक होतं. ठोकत ठोकत, आतून माझा पंजा खरवडल्याचं ऐकू आलं तिथे तो थांबला. "ती कोनाड्याच्या मागेच आहे. त्यांची वीट तिथे पातळ आहे. कोनाडा फोडला की दोन मिनिटांचं काम."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. त्याने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. मला आत श्वास पुरेना.

"कोनाड्याला हात लावायचा नाही," दादी म्हणाली. "आपली भिंत फोड."

"अम्मी, ही? सगळी वेल जाईल."

"जाऊ दे."

"सगळे तुकडे शोधून शोधून लावलेत गं. असे परत मिळायचे नाहीत."

"तशी मांजर तरी कुठे परत मिळणार आहे? आणि बेटा, दुसऱ्याच्या प्रार्थनेची जागा फोडून आपण आपल्या जागेत कुठल्या तोंडाने उभं राहायचं? मी रोज पाचदा डावीकडे मान वळवून शांती मागते. डावीकडे खांद्यावर कर्मं लिहिणारे फरिश्ते आहेत, कबूल. पण त्यांच्या पलीकडे हा ड्रायव्हरसुद्धा आहे. इतकी वर्षं मी यालाच सलाम करत आले, आता कळतंय."

फरशीवाल्याने छिन्नी उचलली, पण लगेच मारली नाही. ड्रायव्हरकडे न बघता म्हणाला, "हादरा पलीकडे जाईल. मूर्ती उतरवून घ्यायला सांगा. आणि तुम्ही कोनाडा आतून धरून ठेवा. वीट सरकली तर भिंत ठोका, मी थांबेन."

दोघं पलीकडे परतले आणि मूर्ती मास्तरीणबाईंच्या मांडीवर गेली. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी कोनाडा धरला. इकडून छिन्नीचा घाव, तिकडून भिंतीवर थाप. घाव, थाप. इतक्या वर्षांत दोघांचं झालेलं हे पहिलं धड बोलणं, आणि ते माझ्या दोन्ही कानांतून गेलं.

मग छिन्नी थांबली. "आवाज नाही येत," फरशीवाला म्हणाला. "अम्मी, हाक मार. उगाच तिलाच लागेल."

"बीबी! ए बीबी!" दादीने हाक मारली. मला तोंड उघडता येईना.

"राणी," पलीकडून मास्तरीणबाई म्हणाल्या, अगदी हळू, वही तपासताना म्हणायच्या तशा.

दोन्ही नावं एकत्र आली तेव्हा कुठे घशातून एक बारीक आवाज निघाला. छिन्नी हातभर सरकली. निळी फरशी फुटली, हिरवी फुटली, वीट बाहेर निघाली आणि उजेड माझ्या तोंडावर पडला. फरशीवाल्याच्या मोठ्या खरबरीत हाताला मी आधी चावले. मग चाटलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. मोरीवरून अजून वाद होतात. भिंती दोनच आहेत. पण त्या आठवड्यात ड्रायव्हर एक नवी फरशी घेऊन आला. पिवळी धम्मक, मधोमध लाल फूल.

"ही? या वेलीत?" फरशीवाला म्हणाला. "रंगाचा काही विचार?"

"मला त्यातलं काय कळतं? मी बस चालवतो."

फरशीवाल्याने डोक्याला हात लावला आणि फरशी बसवली. बरोबर दादीच्या डाव्या खांद्याच्या उंचीवर. त्या फरशीच्या खाली, जमिनीलगत, माझ्या मापाचं एक भोक त्याने ठेवलं. पलीकडे ड्रायव्हरनेही तेवढंच ठेवलं, कोनाड्यापासून बाजूला. दादी सलामासाठी डावीकडे मान वळवते तेव्हा तिच्यासमोर ती पिवळी फरशी येते. तिची नजर नमाजेत कधी हलत नाही. पण मी तिच्या पायाशी असते. तिचे ओठ जरासे हसतात, हे मला खालून दिसतं.

मित्रांनो, मी आता फार उड्या मारत नाही. कपाट, पेटी, खोली बंद करण्याआधी एकदा आत बघत जा, एवढंच मागणं आहे. आणि भिंतच घालायची झाली तर घाला, माणसांना त्याची हौस असते. पण शेवटची वीट ठेवण्याआधी फटीत वाकून हाक मारा. एका नावाने उत्तर आलं नाही, तर शेजाऱ्याला विचारा तो काय म्हणून हाक मारतो.