कॉम्प्युटरचं झबलं

शिवणकाकूंना उघडं म्हणून काही बघवत नसे. चाळीस वर्षं गल्लीभराचे कपडे शिवले, आता बाहेरची कामं कमी झाली, पण हौस काही सुटली नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलासुद्धा चेनचं कव्हर. मग सुनेचा कॉम्प्युटर उघडा कसा राहणार? त्याच्या डब्याला त्यांनी जाड कापडाचं, झालरीचं कव्हर शिवलं. पुढे बटणापुरतं भोक ठेवलं आणि त्याला काजासारखे टाके घातले. सून हसून म्हणाली, "आई, हे तर झबलंच की!" तेव्हापासून त्याचं नाव झबलं पडलं, आणि काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या दिवशी सकाळी अकराला सुनेनं बटण दाबलं. दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं छपाईसाठी लावायचं काम करी. वर्षभर इतरांच्या पानांतल्या चुका निस्तरल्यावर छापखान्यानं पहिल्यांदाच अख्खं पुस्तक तिच्या एकटीवर सोपवलं होतं. आज चारच्या आत पानं पोचली नाहीत तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि पानं होती त्या डब्यात.

"गेलं सगळं," म्हणून ती मटकन खाली बसली.

"गेलं काय गेलं? फुंकररावांना बोलव आधी," काकू म्हणाल्या.

फुंकरराव म्हणजे कोपऱ्यावरचे दुरुस्तीवाले. कुठलंही यंत्र समोर आलं की पहिल्यांदा फुंकर मारायचे, म्हणून हे नाव. ते आले, झबलं काढलं, फुंकर मारली आणि स्वतःच तीनदा शिंकले. मग झाकण उघडून त्यांनी आतल्या एका लोखंडी पेटीच्या वायरी सोडवल्या. कागदाची क्लिप वाकवून एक टोक हिरव्या वायरीत घातलं, दुसरं काळ्या.

"पेटी ठीक असेल, तर आता तिचा पंखा फिरेल."

तिघं डोळे लावून बसली. पंखा ढिम्म.

"पॉवर सप्लाय गेला," फुंकरराव म्हणाले. "भिंतीतली वीज घेऊन आत सगळ्यांना वाटते ना, ती ही पेटी. पण ताई, तुमची पानं डिस्कवर आहेत. त्यांना काही झालेलं नाही."

सुनेनं हुश्श केलं. काकूंनी विचारलं, "पण गेली कशानं?"

फुंकररावांनी जाळीतून चिमटा घालून धुळीचे पुंजके ओढले. मागोमाग लाल दोऱ्याचं गुंतवळ आलं. काकूंनी ते बघताक्षणी ओळखलं. मागच्या महिन्यात शेजारणीचे पडदे शिवले, त्यांचाच दोरा. काकूंचं शिवणाचं मशीन कॉम्प्युटरच्या टेबलाला लागूनच होतं.

"दोरे तर आहेतच, पण खरी गोष्ट म्हणजे गरम हवेला बाहेर पडायला—"

"जुनीच होती हो ती पेटी," सून मध्येच म्हणाली आणि तिनं डोळे वटारले. फुंकरराव बिचारे वाक्य अर्धंच टाकून नवी पेटी आणायला दुकानात गेले.

काकूंना काय डोळे नव्हते? त्यांनी झबलं उलटं केलं. मागचं अस्तर तपकिरी पडलं होतं. पंख्याचं तोंड बरोब्बर तिथंच यायचं.

"हे तापतंय, तुला ठाऊक होतं?"

सून म्हणाली, "हात लावला की चटका बसायचा. पण तुम्ही इतक्या हौसेनं शिवलेलं. काढलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं! चार दिवस फुगून बसले असते, आणखी काय? अगं वेडे, माझं मन सांभाळायला स्वतःच्या पोटावर पाय देत होतीस?" काकूंना रागवायचं होतं, पण राग काही टिकेना. आजवर त्यांना इतकं कुणी जपलं नव्हतं. आणि आपल्याला कुणी इतकं घाबरतं, हेही त्यांना कधी कळलं नव्हतं. दोन्ही एकदम मनाला लागलं.

फुंकररावांनी नवी पेटी बसवेपर्यंत काकूंनी कात्री घेऊन झबल्याची मागची बाजू सरळ उडवली. कॉम्प्युटर सुरू झाला. पानं जिथल्या तिथं होती. साडेतीनला सुनेनं ती पाठवली, आणि दहा मिनिटांत छापखान्याचं उत्तर आलं, "मिळाली. छान झालीत. पुढचं पुस्तकही तुम्हीच करा."

सून आनंदानं नाचायचीच बाकी होती. काकूंनी तिला बजावलं, "यापुढे काही खुपलं तर तोंडावर सांगायचं. झबलं असो नाहीतर आणखी काही."

"नक्की, आई?"

"नक्की म्हणजे नक्की."

सून जरा घुटमळली. अंगातल्या ड्रेसची बाही ओढत म्हणाली, "मग हा ड्रेस... तुम्ही शिवलेला. काखेत काचतो."

काकूंनी बाही चिमटीत धरून बघितली. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं कधी चकार शब्द काढला नव्हता. किती जणी काचत असताना गप्प बसल्या असतील, हे आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि वर्षभर घालतेस! धन्य आहेस बाई." त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि खडू हातात घेतला. "हात वर कर. आणखी वर. आता नीट श्वास घे आणि सांग, कुठं कुठं?"

सुनेनं श्वास घेतला आणि सांगायला लागली. यादी चांगलीच लांब निघाली.