खोऱ्यावरून गेलेली निळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरी सायकल आहे, आणि मांडूजवळच्या एका खोल खोऱ्याच्या तळाशी, गोरखचिंचेच्या मुळांत अडकून, तुमच्याशी बोलते आहे. भिऊ नका. येथे ऊन उशिरा उतरते आणि लवकर मावळते, म्हणून माझा स्वर थोडा ओलसर वाटेल, इतकेच.

अग्नीने सांधलेल्या पोलादी नळ्यांतून मला देह मिळाला. देवासला शुभंकरच्या घरी मी आले तेव्हा त्याच्या आईने माझ्या हँडलला कुंकू लावले आणि चाकांखाली लिंबू ठेवले. शुभंकर कारखान्यात नोकरीला. रविवारी मात्र तो केवळ माझा. साखळीला तेल देई, अंग पुसून काढी, आणि आल्यागेल्याला अभिमानाने सांगे, "ही माझी रानघोडी."

पुढे माझ्या हँडलवर त्याचा मोबाईल विराजमान झाला, आणि त्यात पैसे भरून घेतलेले रानवाटांच्या नकाशाचे ॲप. त्याची धाकटी बहीण देवश्री माळवी थाटात हसून म्हणाली, "वाट विचारायला पैसे भरतोस? गजब आहेस भिया! फुकटातलं काय वाईट होतं?"

"फुकटात नेटवर्क गेलं की नकाशाही जातो, गं. यात सगळा उतरवून ठेवता येतो. शिवाय बाकीचे लोक कुठून गेले, ते निळ्या रेघेत दिसतं. जितके जास्त गेले, तितकी रेघ जाड."

तो असत्य बोलत नव्हता. कन्नौदकडच्या सागाच्या रानात आम्ही वाट चुकलो, तेव्हा त्याच नकाशाने आम्हांला दिवस असताना सडकेवर आणून सोडले. परंतु त्या दिवसापासून शुभंकरची दृष्टी भूमीवरून उठली आणि पडद्यावर जडली. माझी साखळी गंजली, ब्रेकची तार विरली. पडद्यावर ते काहीच दिसत नव्हते, म्हणून त्यालाही दिसले नाही.

श्रावणातल्या एका दुपारी आम्ही नालछ्याहून मांडूकडे निघालो. देवश्री तिच्या सायकलवर मागे होती. सडक सोडून रानवाटेला लागलो, आणि धुके असे दाटले की माझे पुढचे चाक मलाच दिसेना. पाखरे मुकी झाली होती. मोबाईलमधला श्वासहीन आवाज तेवढा म्हणत होता, "सरळ पुढे चला."

वाटेच्या कडेला भेरूजींचा, म्हणजे भैरवाचा, शेंदूर माखलेला पाषाण आला. तिकडच्या सायकलस्वारांची रीत अशी, की भेरूजींपुढून बसून जायचे नाही. उतरायचे, हात जोडायचे. देवश्री उतरली.

"दादा, उतर ना. पाया पड."

"माझ्या वाटणीचं तूच पड! रेघ बघ केवढी जाड आहे. किती जण गेलेत इथून!"

आम्ही पुढे निघालो. मित्रांनो, मला मातीत एकाही चाकाचा माग लागेना. इतके जण गेले होते, आणि ठसे होते ते केवळ पावलांचे.

एकमेकांचे ठिकाण दाखवण्याची सोयही त्या ॲपमध्ये होती. मागे देवश्रीने आपला मोबाईल उघडला आणि ती किंचाळली, "दादा, थांब! तू खोऱ्याच्या मधोमध आहेस!"

"पागल झालीस का? मी इथे जमिनीवर..."

बोलता बोलता त्याने पडद्याकडे पाहिले. त्याची खूण त्या निळ्या रेघेवरून, खोऱ्यावरच्या पोकळीतून, संथपणे पलीकडे चालली होती. आम्ही अजून काठाच्या अलीकडे होतो. त्याचे नाव धारण करून कुणीतरी आमच्या पुढे निघून गेले होते.

त्याने ब्रेक ओढले. विरलेली तार तुटली. शुभंकरने करवंदीच्या जाळीत स्वतःला झोकून दिले. मी सरळ गेले.

वरून देवश्रीचा स्वर खाली आला. "लागलं का रे फार? दादा, आता कळलं. इथे येणारा प्रत्येक जण भेरूजींपाशी उतरतो, काठापर्यंत चालत जाऊन खोरं बघतो आणि परततो. नकाशात बघ, पलीकडच्या काठावरही भेरूजी आहेत, तिथेही तसंच. या मशीनने दोन्ही टोकं जोडून टाकली, बस!"

"ॲपवाल्यांना पुसायला सांगतो ती रेघ," शुभंकर रडत म्हणाला. "आजच सांगतो."

मग दोघांची पावले दूर गेली. माझ्या हँडलवरचा मोबाईल सायंकाळपर्यंत सांगत राहिला, "आपण योग्य मार्गावर आहात." नंतर त्याचाही उजेड विझला. रेघ पुसली गेली की नाही, हे मला कोण सांगणार? कदाचित माझे कोसळणेही तिच्यात मिसळले असेल, आणि ती किंचित अधिक जाड झाली असेल.

नकाशाला मोल द्यावे का, असे विचाराल तर मी म्हणेन, अवश्य द्यावे. रानात तो चांगला सोबती आहे. परंतु माणसे कुठवर गेली एवढेच तो जाणतो; ती तेथे का थांबली, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून, मित्रांनो, आपल्या वाहनाच्या ब्रेकची तार अधूनमधून हाताने चाचपत जा, आणि धुक्यात खाली उतरून चाला.

आज पुन्हा धुके आहे. वर काठाच्या दिशेने एका सायकलची घंटी जवळ येते आहे. तिचा स्वार अजून उतरलेला नाही.